मोसंबी की सरकी? नोटेशनमध्ये ट्रिप्लेट टाकताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे दोनच गोष्टी दमेपर्यंत चालतात, कूलर आणि बँड. तालुक्याच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या कॉप्या काढता काढता मी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बँडपार्ट्यांना नोटेशन लिहून देतो. तरुणपणी क्लॅरिनेट वाजवायचो. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर स्वर लिहायची पद्धत, शिकवली ती फौजेतून रिटायर होऊन गावी आलेल्या एका बँडमास्तरांनी. पुढे दात हलले, फुंक गेली, आणि क्लॅरिनेटच्या जागी कॉम्प्युटर आला. आता पोरं स्वतःच लॅपटॉपवर नोटेशन टाकतात आणि अडली की फाइल मला पाठवतात. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

मी म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे आणि दुकानातल्या जुन्या डबड्यावरही चालतं. खाली ज्या कळा सांगतोय त्या त्याच्याच.

सगळ्यात मोठी चूक: मोसंबीच्या जागी सरकी

एका मात्रेत तीन सारखे स्वर, याचं नाव ट्रिप्लेट. पण वरच्या पट्टीत ज्या नोटा, म्हणजे स्वरांच्या खुणा, तयार दिसतात त्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या आहेत: क्वार्टर म्हणजे एक मात्रा, एट्थ म्हणजे अर्धी, सिक्स्टीन्थ म्हणजे पाव. (मास्तर क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर म्हणायचे, ती इंग्रजी वळणाची नावं. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी नावं आहेत. वस्तू तीच.) तिसरा हिस्सा त्या पट्टीत नाहीच. मग नवशिका काय करतो? दोन सिक्स्टीन्थ आणि एक एट्थ ठोकून देतो. स्वर तीन झाले, बेरीज एका मात्रेची झाली, बार (दोन उभ्या रेषांमधला कप्पा) भरला. कॉम्प्युटरही काही बोलत नाही. बोलणार कशाला, त्याच्या हिशेबानं सगळं बरोबरच आहे.

ओळखायचं कसं? टाळी देत, अक्षरं तोडून म्हणा: मो-सं-बी, मो-सं-बी. तिन्ही अक्षरं दीर्घ, तिन्ही सारखी. हा ट्रिप्लेट. आता त्याच टाळीवर स-र-की, स-र-की म्हणा. दोन ऱ्हस्व, एक दीर्घ. हे झालं सिक्स्टीन्थ-सिक्स्टीन्थ-एट्थ. शाळेत गण शिकलेल्यांना लगेच कळेल, एक मगण आहे आणि दुसरा सगण. दोन्ही एकाच टाळीत बसतात, म्हणून तर फसगत होते.

याची फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्यात थोडा वाटा माझाही आहे. जवळच्याच एका गावच्या पार्टीतल्या ट्रम्पेटवाल्या पोरानं वरातीचं एक गाणं स्वतः नोटेशनमध्ये उतरवलं. आठ प्रिंट माझ्याच दुकानातून काढल्या. त्या दिवशी शाळेच्या दाखल्यांची गर्दी होती, मी कागदाकडे नजरही टाकली नाही. संध्याकाळी वरातीत मीही होतो. पहिला अंतरा कसाबसा निभावला. दुसऱ्यात तीन स्वरांचे झुबके सुरू झाले आणि घोटाळा झाला. जुने वादक, म्हणजे युफोनियमवाले आणि दोन क्लॅरिनेटवाले, कानानं वाजवणारे. ते मोसंबी वाजवत होते. कागद वाचणारी तीन नवी पोरं इमानदारीनं सरकी वाजवत होती. साइड ड्रमवाला आधी यांच्याकडे गेला, मग त्यांच्याकडे, आणि शेवटी नुसतं घुमवत राहिला. ऐन मांडवाच्या तोंडाशी नवरदेवाचा मामा पुढे येऊन म्हणाला, "काहो मास्तर, दोन बँड बोलावले काय?"

दुसऱ्या दिवशी पोरगा लॅपटॉप घेऊन हजर. "काका, कॉम्प्युटरवर तं बरोबर वाजत होतं नं!"

"वाजन नाही तं काय," मी म्हटलं. "तिथं सगळेच सरकी वाजवत होते."

प्लेबॅक ऐकून खूश होऊ नका, एवढंच मी त्याला सांगत होतो. प्लेबॅक तुम्ही लिहिलेलं वाजवतो. गाणं कसं आहे हे त्याला ठाऊक नसतं. आणि हो, सरकीची मोसंबी करणारी जादूची कळ नाही. तशी प्रत्येक मात्रा पुसून पुन्हा टाकावी लागते. आम्ही दोघांनी ती दुपारभर टाकली, मध्ये एकदा लाईट गेली तेवढीच विश्रांती.

माझी सवय सांगतो. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर मी आधी लाल पेनानं मात्रा मांडतो आणि प्रत्येक मात्रा तोंडानं म्हणून पाहतो. तोंडानं म्हणता आली नाही ती मात्रा मी टाकत नाही. पोरांना हे जुनाट वाटतं. वाटू द्या.

कळांचा क्रम: आधी धुरा, मग तास

वावराचा धुरा, म्हणजे बांध, आधी ठरतो; तास, म्हणजे नांगराच्या रेघा, मागून पडतात. म्यूझस्कोरमध्ये ट्रिप्लेटचंही तसंच आहे. आधी सांगायचं एकूण जागा किती, मग सांगायचं तिचे तीन भाग कर. म्हणजे एन दाबून नोट टाकायला सुरुवात करा. एका मात्रेत तीन हवे असतील तर ५ दाबा, म्हणजे क्वार्टर. मग कंट्रोल-३. एका मात्रेच्या जागेत एट्थचे तीन खाने तयार होतात. त्यात सी, डी, ई टाका, झालं सारेग. तिसरा स्वर टाकला की मी पुन्हा ५ दाबतो, गरज असो-नसो. नाहीतर पुढची क्वार्टर समजून टाकलेली नोट एट्थ होते आणि तिथून सगळं सरकतं.

चूक कुठे होते? सिबेलियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिवाज उलटा. तिथे पहिला स्वर त्याच्या स्वतःच्या किमतीत, म्हणजे एट्थ म्हणून टाकतात आणि मग कंट्रोल-३ दाबतात. डोरिको या तिसऱ्यात तर सेमीकोलन दाबून ३:२ असं लिहून द्यावं लागतं. पोरं व्हिडिओ एका सॉफ्टवेअरचा पाहतात आणि कळा दुसऱ्यावर दाबतात. म्यूझस्कोरमध्ये ४ दाबून कंट्रोल-३ केलं की अर्ध्या मात्रेत तीन सिक्स्टीन्थ कोंबले जातात. लक्षण ठरलेलं: ट्रिप्लेट दुप्पट वेगानं पळतो आणि मागे अर्ध्या मात्रेचा रेस्ट, म्हणजे गप्प राहायची खूण, उरतो. तो रेस्ट दिसला की पोरं त्यात आणखी काहीतरी भरून बार "जुळवतात". जुळवू नका. कंट्रोल-झेड करा आणि धुऱ्यापासून सुरू करा.

तबलेवाल्यांची आड, म्हणजे दोन मात्रांत तीन, हवी असेल तर ५ च्या जागी ६ दाबा, मग कंट्रोल-३. बाकी सगळं तसंच.

सरगमवरून उतरवताना

सरगम लिहायच्या भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालच्या अर्धचंद्रात बांधलेले असतात. त्यावर तीनचा आकडा नसतो, तो आपण मोजायचा. दोन असतील तर साधे एट्थ, चार असतील तर सिक्स्टीन्थ, तीन असतील तर कंट्रोल-३, पाच असतील तर कंट्रोल-५. इथवर बहुतेकांना जमतं.

फसतात ते आडव्या रेघेपाशी. अर्धचंद्रात "सा - रे" लिहिलेलं असतं. ती रेघ म्हणजे सा लांबवा. पोरं तिथे रेस्ट टाकतात, कारण त्यांना रेघ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. मग क्लॅरिनेटवाला सा तोडतो आणि चाल उचकी लागल्यासारखी ऐकू येते. ट्रिप्लेटमध्ये तीनच स्वर असले पाहिजेत असा नियम नाही, फक्त तीन हिश्शांची बेरीज झाली पाहिजे. ५, कंट्रोल-३, मग पुन्हा ५ दाबून सा टाका, तो दोन हिस्से घेईल, आणि ४ दाबून रे. म्हणून पाहायचं तर तू-र, तू-र. तू लांब, र आखूड.

बार ओलांडणारी तिहाई

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. आडीतली तिहाई समेवर येताना बारच्या रेषेवर बसते, आणि म्यूझस्कोरमध्ये ट्रिप्लेट बार ओलांडत नाही. कितीही दाबा. काही जण दोन बार जोडून एक करतात. टूल्समध्ये तशी सोय आहे, पण छापल्यावर मध्येच आठ ठोक्यांचा बार पाहून ड्रमवाला गडबडतो. मी मात्रा फोडतो. शेवटच्या मात्रेत एक ट्रिप्लेट: क्वार्टर आणि एट्थ. पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेत दुसरा: एट्थ आणि क्वार्टर. मधले दोन एट्थ एकाच स्वराचे, ते टी दाबून टायनं, म्हणजे जोडणाऱ्या कमानीनं, बांधायचे. एक तूर सुलटी आणि एक उलटी. दोन-दोन हिश्शांचे तीन सारखे स्वर निघतात आणि बारची रेषाही जागेवर राहते.

तीनचा आकडा डिलीट करू नका

एका शाळेच्या गॅदरिंगचं नोटेशन. पोरीला पानावर "लई तीन" नको होते. तिनं एकेका तीनवर क्लिक करून डिलीट दाबलं. आकड्यासोबत अख्खा ट्रिप्लेट स्वरांसकट उडतो आणि जागी रेस्ट येतो, हे तिच्या ध्यानात आलं ते फाइल सेव्ह करून, बंद करून, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिल्यावर. आकडा लपवायचा असेल तर त्यावर क्लिक करून व्ही दाबा. पहिल्या दोन-तीन बारांत मात्र तो दिसू द्या, वाचणाऱ्याला कळायला नको?

सगळ्याच मात्रांवर तीन येत असतील तर

मग तुमचा ताल चुकीच्या मापात लिहिलाय. दादऱ्याच्या चालीचं गाणं २/४ मध्ये, म्हणजे बारात दोन क्वार्टर धरून, लिहून प्रत्येक मात्रेला ट्रिप्लेट करणारे महाभाग दर हंगामात भेटतात. ६/८, म्हणजे बारात सहा एट्थ, घ्या, तीन आपोआप येतात, एकही आकडा लागत नाही. मध्येच कुठे तीनच्या जागेत दोन सारखे आले तर ५, मग टिंब, मग कंट्रोल-२.

माप बदललं की टेम्पो, म्हणजे लयीची खूण, तीही बदला. २/४ मध्ये क्वार्टर = १२०, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, असेल आणि तीच खूण ६/८ मध्ये तशीच ठेवली, तर ठोका पडतो मिनिटाला ८०. वरात निघालेली वाटत नाही, थांबलेली वाटते. खुणेत टिंबवाली क्वार्टर = १२० असं लिहा.

खंजिरीचा ठेका

हे चुकीत मोडतं की नाही ते तुम्हीच ठरवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा आमच्या भागात केवढा पगडा आहे ते सांगायला नको. मोझरीच्या पुण्यतिथीला जाणाऱ्या एका मंडळातल्या पोरानं कीबोर्डसाठी भजन लिहिलं आणि ठेक्याची प्रत्येक जोडी तूर-तूर करून टाकली. गणित चोख. मंडळातल्या म्हाताऱ्या खंजिरीवाल्यांनी चार बार ऐकले आणि म्हणाले, "हे घोडं काहून दुडकते बावा?"

खंजिरीचा तो झोका सरळ दोनांतही बसत नाही आणि पक्क्या ट्रिप्लेटमध्येही नाही. तो मधे कुठेतरी असतो, आणि लय वाढली की सरळ दोनांकडे सरकतो. असं असेल तर साधे एट्थ लिहा. पॅलेटमध्ये, म्हणजे बाजूच्या खुणांच्या यादीत, "स्विंग" शोधून पहिल्या बारवर टाका आणि त्याची टक्केवारी, म्हणजे जोडीतल्या पहिल्या स्वराचा वाटा, बदला. ५० म्हणजे अगदी सरळ, ६७ च्या आसपास पक्का ट्रिप्लेट. मी ५६ ते ६० मध्ये ठेवतो. तरी वाजवणाऱ्याला सांगतो की कागद बाजूला ठेवून एकदा खंजिरीवाल्या काकांजवळ बसून ऐक. पोरांना मग तो कागदच नको होतो, ही वेगळी गोष्ट.

उरलेलं थोडक्यात

ट्रिप्लेट अर्धवट निवडून कॉपी होत नाही, अख्खा ट्रिप्लेट निवडा.

कीबोर्ड जोडून सरळ वाजवत रेकॉर्ड करायचा आणि त्याचं नोटेशन करून घ्यायचं, हा शॉर्टकट पुढे सहा तास खातो. तुमचं बोट केसभर उशिरा पडलं की कॉम्प्युटर इमानानं तेवढाच बारीक रेस्ट छापतो. अशी फाइल मी दुरुस्त करत नाही. पुसून नवी लिहितो आणि पैसे नव्या फाइलचेच घेतो.

बेरीज जुळत नाही म्हणून बारचं माप बदलणं, हे तर बोलूच नका.

आणि अडलात तर पीडीएफ नका पाठवू, त्यात मला कळ फिरवता येत नाही. मूळ फाइल पाठवा, आणि सोबत अडलेल्या चार मात्रा टाळी देत तोंडानं म्हणून व्हॉइस मेसेजमध्ये टाका. सध्या लग्नसराई आहे, त्यामुळे उत्तर रात्री दुकान बंद झाल्यावरच येईल.