लोअरिंग स्प्रिंग: मागची जोडी अंगणात, पुढची गॅरेजात

गाडी खाली बसवायची तर आधी टेप काढा, पाना नंतर. स्विफ्टचा कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांमधलं अंतर, १६३ मिमी. गाडी ३५ मिमी खाली आणणाऱ्या आखूड, म्हणजे लोअरिंग, स्प्रिंगा टाकल्या की उरतात १२८, तेही गाडी रिकामी असताना. चार माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की ती आणखी बसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, म्हणजे मापातल्या गतिरोधकावरही फार काही शिल्लक राहत नाही. गावोगावी रातोरात उभे राहणारे उंचवटे तर कुठल्याच मापातले नसतात. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत दगडासारखी कडक होते आणि मधली वरंबी थेट चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला, लागते. गाडी केळीच्या मळ्यात नेत असाल तर २५ मिमीच्या वर जाऊ नका. बहुतेक वेळ धुळे-जळगाव हायवेवरच असाल तर ३०-३५ चालून जाईल.

स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं, याचं उत्तर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळं आहे. बहुतेक हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, असतो. तिथली स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते आणि घरी आरामात निघते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असतो. तिथे दाबलेली स्प्रिंग हाताळावी लागते. सुटली तर जबडा मोडेल एवढी ताकद तिच्यात असते. म्हणून मधला रस्ता चांगला: स्ट्रट घरी उतरवा आणि फक्त स्प्रिंग बदलायला तो गॅरेजात न्या. स्प्रिंग दाबणारा, भिंतीला बसवलेला चांगला कॉम्प्रेसर असेल तर तिथे एका स्ट्रटचं काम थोडक्यात उरकतं. मजुरीही पूर्ण कामाची पडत नाही.

सामान: ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड (घोड्या), सॉकेट सेट, लांब टॉमी (पान्याचा दांडा), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), ॲलन कीचा सेट, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, बांधायला तार. स्प्रिंगांसोबत चार बम्प स्टॉपर (शॉकअप तळाला आपटू न देणारी रबरं), पुढची दोन स्ट्रट माउंटिंग आणि बेअरिंग, नवे लॉक नट. शॉकअप ६०,००० किमी चाललेले असतील तर तेही आत्ताच बदला. आखूड स्प्रिंगने त्यांची हालचाल कमी होते, ते वारंवार स्टॉपरवर आपटतात आणि दमलेलं सील गळायला लागतं. मग तीच मजुरी पुन्हा.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. काम पहाटे सुरू करा. मे महिन्यात डांबरावर घोडी लावायची नाही. ४४-४५ अंशांत डांबर मऊ पडतं आणि घोडीचे पाय रुततात. काँक्रीटचा ओटा उत्तम. मुरूम असेल तर घोडीखाली जाड प्लायवूड घाला. विटांवर गाडी ठेवणारे आजही दिसतात. वीट भार घेता घेता एकदम फुटते, सूचना देत नाही.

गाडी सपाटीवर असताना चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून खडूने जवळच लिहा. शेवटी हेच आकडे कामाला येतात.

मागून सुरुवात करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, चाकांचे नट जमिनीवरच सैल करा, मग गाडी उचलून घोड्यांवर ठेवा. आता हँडब्रेक सोडा. जॅक बीमच्या मधोमध लावून किंचित भार घ्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. या वेळी नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर, हँडब्रेकच्या केबलवर आणि एबीएसच्या वायरवर हवी; ताण दिसला की थांबा आणि त्यांच्या क्लिपा सोडवा. स्प्रिंग हाताने निघते. वरचं-खालचं रबर पुसून नव्या स्प्रिंगवर चढवा. स्प्रिंगचं टोक सीटच्या, म्हणजे ती जिथे बसते त्या वाटीच्या, पायरीला टेकलंच पाहिजे.

शॉकअपचा बोल्ट बसवा, पण पूर्ण आवळू नका. घरच्या कामात सर्वांत जास्त चूक होते ती इथे. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतलं रबरी बुश त्याच कोनात पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटून कटकट आवाज सुरू होतो. चाकं जमिनीवर आणि भार त्यांच्यावर असतानाच शेवटचा टॉर्क द्या. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने नाही.

पुढे चाक काढल्यावर ब्रेक पाइप आणि एबीएस वायर स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉडचा नट काढताना मधला खांब ॲलन कीने धरा, नाहीतर तो नुसता गरगर फिरतो. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा पांढऱ्या रंगाने आखून ठेवा, कारण कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, तिथेच ठरतो. बोल्ट काढण्याआधी नकल तारेने वर बांधा. ते बाहेर कलंडलं की ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सुटतो. फोक्सवॅगन पोलोला हे दोन बोल्ट नसतात, स्ट्रट नकलच्या पकडीत घुसलेला असतो आणि पकड फाकवायला वेगळं हत्यार लागतं; ते नसेल तर हातोड्याने ठोकत बसू नका. शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढून स्ट्रट उतरवा. मात्र मधल्या मोठ्या नटला हात लावू नका. स्प्रिंग दाबल्याशिवाय तो काढला की माउंटिंगसकट सगळं उडतं.

गॅरेजमध्ये समोर उभे राहा. कॉम्प्रेसर दोन हुकांचा असेल तर हूक समोरासमोर हवेत आणि दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे फिरवले पाहिजेत. मधला नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, दांडा फिरून सील खराब होतं. आणि कोणी ‘मूळचीच स्प्रिंग दीड वेटोळं कापून देतो’ म्हणाला तर स्ट्रट उचलून निघा. कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते. गॅसने तापवून बसवलेली तर त्याहून वाईट, तिचा पोलादी ताव गेलेला असतो.

सगळं जोडून गाडी थोडी पुढे-मागे फिरवा आणि खडूचे आकडे ताडून बघा. डाव्या-उजव्या बाजूच्या उतरणीत ५ मिमीहून जास्त फरक दिसला तर एखादं टोक पायरीत बसलेलं नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि स्प्रिंगा बसल्यावर, साधारण ५०० किमीनंतर, पुन्हा करा. टोची फारकत, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर वळलेली असणं, तशीच सोडली तर टायरची आतली कड झपाट्याने घासते, आणि उभं राहून पाहिलं तर ती दिसतही नाही. चाकांचे नट ५०-१०० किमीला पुन्हा तपासा. हेडलाइटची उंचीही जुळवून घ्या.

वेळेचं म्हणाल तर पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण दिवस धरावा. सरावलेलं गॅरेज अर्ध्या दिवसात सगळं देतं. पूर्ण काम तिथेच द्यायचं ठरलं तर दरात अलाइनमेंट, नवे लॉक नट आणि भारावर टॉर्क देणं धरलंय का ते आधीच विचारा.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून स्प्रिंगा विकत घेण्याआधीच आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल दावा नाकारायला कारण ठरू शकतो. जुन्या चारही स्प्रिंगा पुढच्या-मागच्या अशी खूण करून, ऑइलचा हात फिरवून गोणपाटात बांधून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक त्याच मागतं.