झेनिया, लेदर भराभर वाढतात तेव्हा पाणी कसं सांभाळायचं

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यटाकीत (टँकमध्ये) झेनिया, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप आणि लेदर ही सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ अंगाची प्रवाळं, नवशिक्यांना सुचवली जातात, कारण ती सहज तगतात. तगतात तशी पसरतातही, आणि टँक त्यांनी भरला की पाण्यात दोन गोष्टी एकदम घडतात. नायट्रेट-फॉस्फेट खाली येतं. हे टेस्ट किटवर दिसतं. शिवाय लेदरसारखी कोरल पाण्यात टर्पिनॉइड वर्गातली, शेजारच्या कोरलना त्रास देणारी रसायनं आणि चिकट द्राव सोडतात. ते कुठल्याच घरगुती किटवर दिसत नाही, आणि खरा त्रास बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. खालचे आकडे 200 लिटर पाण्याचे आहेत.

एका पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी घ्या, शेजारी दुसऱ्या पांढऱ्या बादलीत नुकतंच मीठ मिसळलेलं पाणी ठेवा. दोन्ही काठोकाठ भरून वरून बघा. टँकचं पाणी पिवळसर दिसलं तर कार्बन, म्हणजे पाण्यातली रसायनं शोषणारा सक्रिय कोळसा, थकला आहे. (पिवळेपणा म्हणजे टर्पिनॉइड नव्हे, पण दोन्ही काढतो तो कार्बनच.) दुसरी खूण हार्ड कोरलवर, म्हणजे दगडी सांगाड्याच्या प्रवाळावर, दिसते. क्षारता (मिठाचं प्रमाण), तापमान, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) ठीक असूनही लेदरवरून येणाऱ्या प्रवाहातल्या हार्ड कोरलचे पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) मिटलेले राहतात.

कार्बन 100 ग्रॅम पुरतो, दर तीन आठवड्यांनी बदलायचा. आधी आरओच्या पाण्यात काळं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. मग जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जिथून पाणी वाहतं तिथे ठेवा. रिअ‍ॅक्टर (कार्बनमधून पाणी ढकलणारी नळकांडी) असेल तर प्रवाह मंद हवा. दाणे घुसळले की त्यांची पूड होऊन टँकभर पसरते. नारळाच्या कवटीचा कार्बन सहज मिळतो, पण त्याची छिद्रं बारीक. पिवळेपणा आणणाऱ्या मोठ्या रेणूंसाठी दगडी कोळशाचा बिट्युमिनस कार्बन बरा. पाणी बरेच दिवस पिवळं असेल तर पहिल्यांदा 50 ग्रॅमच घाला. पाणी एकाएकी स्वच्छ झालं की प्रकाशही एकाएकी वाढतो आणि कोरल पांढरी पडतात.

आता किटवर दिसणारी बाजू. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम ठेवा. दोन्ही शून्यावर गेलं की वाळूवर बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे तपकिरी धागे दिसू लागतात, ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे त्रासदायक सूक्ष्म एकपेशीय जीव. शून्य हे यश नव्हे. आधी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोखंडी गंजाचे दाणे) काढा, स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र) काही तास बंद ठेवा, खाणं वाढवा. तरीही नायट्रेट शून्यच असेल तर 10 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट 300 मिली आरओ पाण्यात विरघळवा. याचे 10 मिली म्हणजे साधारण 1 पीपीएम. रोज एवढंच घाला, रोज मोजा, 5 ला थांबा.

कोरलने शोषलेलं नायट्रेट टँकबाहेर जातं ते छाटणी बाहेर काढल्यावरच. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त छाटू नका. शोषणारंच कमी झालं की नायट्रेट उसळतं. लेदर टँकमध्ये कापू नका. आदल्या दिवशी ताजा कार्बन लावा. हातमोजे, चष्मा घाला, दगडासकट कोरल वेगळ्या भांड्यात घ्या आणि धारदार ब्लेडने एका फटक्यात कापा. मग टँकच्याच पाण्याने भरलेल्या दुसऱ्या भांड्यात दहा मिनिटं हलवा. दोन्ही भांड्यांतलं पाणी मोरीत जाऊ द्या, टँकमध्ये परत नको. तुकडा सुपरग्लूने टिकत नाही, चिकट द्रावामुळे सुटतो. रबरबँडने दगडाला बांधा. त्याच दगडावर पॅलिथोआ (कोरलसारखेच दिसणारे बटणासारखे पॉलिप) असतील तर त्यांना ब्लेड लावू नका, त्यांच्यातलं विष, पॅलिटॉक्सिन, माणसालाही घातक आहे. छाटणीनंतर स्किमर उतू जातो, तेव्हा त्याची पातळी आधीच उतरवून ठेवा.

ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी चटई उचलून बघा, खाली गाळ साठतो. ती मुख्य दगडापासून दूर, वाळूवरच्या सुट्या दगडावरच वाढवा. लेदर अधूनमधून मिटून मेणासारखा पापुद्रा टाकतं, त्याला घाबरू नका. प्रवाह थोडा वाढवा आणि सुटलेला पापुद्रा नळीने ओढून घ्या.

घाबरायचं ते झेनिया विरघळताना. मोठा झुपका रात्री ऑक्सिजनही भरपूर खातो, त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेली की आधी बॅटरीचा एअर पंप लावा. झुपका राखाडी, पातळ होऊन सुटायला लागला तर सकाळची वाट बघू नका: सुटलेलं सगळं नळीने ओढा, अमोनिया मोजा, 50 लिटर पाणी बदला (मीठ अंदाजे 1.8 किलो, क्षारता विशिष्ट गुरुत्व 1.025 ला जुळवून), नवा कार्बन घाला.

छाटलेलं कोरल खाडीत किंवा समुद्रात टाकायचं नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर आणि हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये झेनियाच्याच कुळातलं युनोमिया आगंतुक म्हणून पसरलं आहे. उन्हात पूर्ण वाळवा आणि कचऱ्यात टाका.