पोरगं मैदानात कोसळलं तर: प्रथमोपचाराला नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार. पण कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की आधी त्याच नावाचा सरकारी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. मैदानात कुणी "सीपीआर! सीपीआर!" ओरडलं, की दोघं रिक्षा आणायला पळण्याचा धोका असतो. पोराला त्या क्षणी हवा असतो तो छातीवर दाब. म्हणून सामन्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, ओरडायचं ते "छाती दाबा" असंच.

छातीवर चेंडू बसून किंवा काहीच न लागता पोरगं कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर हृदय बंद पडलंय असंच धरा. आचके म्हणजे श्वास नव्हे. लोक इथेच फसतात, फिट समजून कांदा हुंगवत बसतात. एकाने 108 लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, एकाने फाटकावर थांबायचं. तिसऱ्याने छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळवा ठेवून मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे, साधारण 5 सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेला असेल तर दर 30 दाबांनंतर 2 श्वास द्यावेत. दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

फुटबॉलमध्ये हेडिंगला, म्हणजे चेंडू डोक्याने मारताना, डोकी आपटली आणि पोरगं तोच प्रश्न पुन्हा विचारतंय, गोल किती झाले ते आठवत नाही, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. अंतिम सामना असो, पेठेची इज्जत पणाला लागलेली असो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर थेट दवाखाना.

तालमीत हात टेकून पडल्यावर कोपर निखळतं. वस्तादांचा मान मोठाच, पण हाड ओढून बसवायला कुणालाही देऊ नका. कोपरापुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, आणि वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती दुखावली तर हात वाकडा वाढू शकतो. हात आहे तसाच पुठ्ठ्यावर बांधा, बोटं उघडी ठेवा. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पांढरंच राहिलं तर एक मिनिटही दवडू नका. वाटेत चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, असं म्हणाला तर उचलू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि रुग्णवाहिकेची वाट बघा.

घोटा मुरगळला तर तेलाने चोळणं नको. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं धरा. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा.