पाट, मिठाच्या पुड्या आणि ताणकाटा

वर्गात घर्षण शिकवायच्या दिवशी मी आईचा सागवानी पाट घेऊन शाळेत जाते. सोबत एक-एक किलोच्या मिठाच्या चार पुड्या आणि ताणकाटा. घरी करायलाही हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे.

आधी पाट काट्याला टांगून वजन करा. आमचा दोन किलो भरला. शहाबादी फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, ओलसर राहिली तर आकडे फसतात. पाटाच्या पायाला सुतळी बांधा, काटा आडवा धरा आणि तसाच धरून शून्यावर आणा. सुतळी जमिनीला समांतर हवी. ती वर उचलली गेली, तर पाटाचा थोडा भार तुमचाच हात पेलतो आणि काटा कमी दाखवतो. मुलं हमखास इथेच चुकतात.

आता संथपणे, एकाच वेगाने ओढा. पाट हलायच्या क्षणी काटा जरा जास्त दाखवतो, मग थोडा उतरून स्थिरावतो. हा स्थिरावलेला आकडा लिहा. तीनदा ओढा, सरासरी घ्या. मला रिकाम्या पाटाला साधारण ७०० ग्रॅम लागले, दोन पुड्या ठेवल्यावर १ किलो ४००, चार ठेवल्यावर २ किलो १००. ओढीला एकूण वजनाने भागा: तिन्ही वेळा ०.३५ च्या आसपास. हा या लाकूड-फरशीच्या जोडीचा घर्षणांक. भार वाढला की दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे जास्त ठिकाणी एकमेकांवर टेकतात, म्हणून ओढही त्याच पटीत वाढते.

मग पाट उलटा करा. “आता सगळी फळी टेकली, जड जाणार!” असं वर्ग दरवर्षी ओरडतो. आकडा जवळपास तोच येतो, आणि ती शांतता मला फार आवडते. (दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या हव्यात. आमच्या पाटाला पॉलिश कुठेच नाही.) ओढ भाराच्या पटीत वाढते, आणि किती भाग टेकला आहे यावर ती अवलंबून नसते: फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ गिओम आमोंतों यांनी १६९९ मध्ये हेच दोन नियम मांडले होते.

घरातलं लाकडी कपाट सरकवतानाही हाच हिशेब. घर्षणांक ०.३५ धरला, तर भरलेल्या १०० किलोंच्या कपाटाला ३५ किलोंचा जोर लागेल, रिकामं करून ४० किलोंवर आणलं तर १४ किलोंचा. कपडे-पुस्तकं आधी काढाच. आणि एकदा हललं की मध्ये थांबू नका, नाहीतर सुरुवातीचा तो जास्तीचा जोर पुन्हा लावावा लागतो.