गळ टाकताय? निदान या चुका टाळा

मासा सुटला की पहिली शिवी तंगूसला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला. "माल डुप्लिकेट निघाला." बहुतेक वेळा माल चांगला असतो, गळाला बांधलेली गाठ वाईट असते. तुटलेलं टोक आधी बघा. स्प्रिंगसारखं पिळलेलं असेल तर गाठ सरकली. खरखरीत असेल तर तंगूस खडकाला घासलाय.

पवनेच्या बॅकवॉटरला एका पोराने लागोपाठ दोन कटले घालवले आणि नवं रीळ आणायला निघाला. टोक पिळलेलं, गाठीला दोनच वेढे, तेही कोरडे आवळलेले. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. ५-६ वेढे घ्या, थुंकी लावा, सावकाश ओढा, टोक २-३ मिलिमीटर ठेवून कापा. मग गळ खुंटीला अडकवून ताण द्या. सुटायचीच असेल तर गाठ काठावरच सुटू दे. अर्ध्या मिनिटाचं काम, पण यांना दम कुठे असतो!

आमिषाच्या कणकेचंही तेच. सैल गोळी पाण्यात विरते आणि भाऊसाहेब तासभर रिकाम्या गळाची राखण करतात. दोन भाग शेंगदाणा पेंड, एक भाग गव्हाचं पीठ, पाणी बेताचं, त्यात चिमूटभर पिंजलेला कापूस. गोळी गळाला लावून तांब्याभर पाण्यात १० मिनिटं ठेवा. टिकली तरच टाका.

खोली न मोजता टाकू नका. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तरंगती काडी त्या हिशोबाने वरखाली सरकवा. काडी नुसती थरथरली की ओढायचं नाही, ती चिलापीची पिल्लं टोचतात. सरळ आत गेली किंवा आडवी चालू लागली, तरच मनगटाने झटका.

गळाचं टोक नखावर घसरलं तर बोथट. दगडावर घासा, नाहीतर बदला.

शिंगटा मासा मुठीत धरू नका, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे हातात घुसतात.

धरणाचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारा. जिलेटिनचा स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पाण्यात विजेचा करंट सोडून मासे मारणाऱ्यांशी तर बोलायचीही इच्छा नाही.