वाडग्यातून निघणारं तारा कासव: मुलांच्या वाढदिवसाचा प्राणी-केक घरी कसा करावा

मुलाने प्राण्याचा केक मागितला की आपण आधी फोनवर फोटो शोधायला लागतो. फोटोतला सिंह फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याचा, आत सळ्या घालून उभा केलेला असतो. तो घरी करायला बसलं की रात्रीचे दोन वाजतात आणि मन खट्टू होतं. घरच्या केकची सुरुवात मांडणीवरच्या भांड्यांपासून करावी. जो आकार भांडं आपणहून देतं, त्यात बसणारा प्राणी निवडायचा.

मूल प्राणी ओळखतं ते एक-दोन खुणांवरून. गोल केकला दोन त्रिकोणी कान लावले की मांजर झाली. दोन गोल केक असतील तर एक सशाचं तोंड. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंनी कमानीसारखे तुकडे कापले की ते लांब कान, आणि मधे उरलेला भाग गळ्याखालचा बो. वाट्यांत भाजलेले पाच-सहा छोटे केक वळणावळणाने ओळीत ठेवले की सुरवंट तयार. उपड्या वाडग्याच्या घुमटातून कासव निघतं, नाहीतर साळिंदर. घोडा, जिराफ असे चार पायांवर उभे प्राणी मात्र पहिल्यांदा करत असाल तर नकोच. स्पंजला स्वतःचं वजन बारक्या पायांवर पेलत नाही.

पहिल्या प्रयत्नासाठी मी प्रत्येकाला तारा कासवच सुचवते. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आणि दक्षिणेकडे आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूपासून श्रीलंकेपर्यंत सापडणारं हे जमिनीवरचं कासव. गडद तपकिरी पाठ आणि तिच्यावर प्रत्येक खवल्याच्या मध्यातून फुटलेले पिवळे किरण. गडद तपकिरी रंग चॉकलेट देतंच, त्यामुळे रंग लागतो तो फक्त पिवळा. शिवाय या कासवाची पाठ मुळातच उंचसखल असते, प्रत्येक खवला टेंगळासारखा वर आलेला. म्हणजे आयसिंग गुळगुळीत करत बसायची गरजच नाही.

काय काय लागेल

केकसाठी: मैदा २४० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ, पिठीसाखर २२० ग्रॅम, ताजं घट्ट दही २५० ग्रॅम, वास नसलेलं तेल १२० मि.लि., कोमट दूध साधारण १५० मि.लि., व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा.

गनाशसाठी (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट): डार्क चॉकलेट किंवा डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तूप वापरलेलं चॉकलेट) ४०० ग्रॅम आणि २०० मि.लि.चं फ्रेश क्रीमचं एक पाकीट.

किरणांसाठी: बिनमिठाचं बटर ७५ ग्रॅम, आयसिंग शुगर १२५ ग्रॅम, पिवळा जेल रंग किंवा अगदी चिमटीभर हळद.

डोकं आणि पायांसाठी: मिल्क कंपाउंड १०० ग्रॅम. सजावटीला मारी बिस्किटांचा एक छोटा पुडा.

भांडं म्हणजे साधारण दीड लिटर पाणी मावेल असं, १८ ते २० सें.मी. तोंडाचं स्टीलचं खोलगट वाडगं. जोडीला एक आमटीची वाटी.

वेळ आधी बसवून घ्या

वाढदिवस शनिवारी संध्याकाळी असेल तर गुरुवारी रात्री केक भाजा, शुक्रवारी कासव घडवा आणि शनिवारी सकाळी फक्त किरण नि डोळे काढा. सगळं एकाच दिवशी करायला घेतलं तर कोमट केकवर गनाश लावायची वेळ येते. कोमट केक कापताना भुगा होतो आणि त्यावरचं गनाश घसरतं. रात्रभर झाकून मुरलेला केक सुरीखाली नीट वागतो.

घुमट भाजणे

वाडग्याला आतून तूप लावा आणि मैद्याऐवजी कोको पावडर भुरभुरवा, म्हणजे केकवर पांढरे डाग राहत नाहीत. तळाशी बटर पेपरची छोटी चकती ठेवा. केक चिकटतो तो नेमका तिथेच, आणि तिथेच कासवाच्या पाठीचा माथा असतो.

मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात दही आणि साखर साखर विरघळेपर्यंत फेटा, त्यात तेल आणि इसेन्स घाला. आता कोरडं मिश्रण दोन-तीन वेळा करून घाला, मधेमधे दूध, आणि हलक्या हाताने एकत्र करा. मैदा दिसेनासा झाला की थांबा. जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. पीठ चमच्यातून जाडसर पट्टीसारखं पडायला हवं. फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध आणखी. सोड्याचं काम दह्याशी भेट होताच सुरू होतं, म्हणून ओव्हन आधीच तापत ठेवा आणि पीठ तयार झालं की लगेच आत सरकवा.

वाटी दोन तृतीयांश भरेल इतकं पीठ तिच्यात काढा, बाकीचं वाडग्यात. वाडगं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

ओव्हनचं तापमान १६० अंश सेल्सिअस. नेहमीच्या १८० अंशांना खोल भांड्यात कडा करपायला लागतात आणि पोट कच्चं राहतं. वाटी २० ते २५ मिनिटांत होते, वाडग्याला ५५ ते ६५ मिनिटं लागतात. पहिली ४० मिनिटं दार उघडू नका. टूथपिक मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून विणकामाची स्वच्छ सुई खोचून बघा. वर काळपट होतंय असं दिसलं तर फॉइल अलगद टाका.

कुकरमध्येही हा केक छान होतो. झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं, तळाशी मिठाचा थर, त्यावर रिंग आणि दहा मिनिटं तापवून मग वाडगं आत. गॅस अगदी मंद. साधारण तासभराने तपासायला सुरुवात करा. पाणी घालायचं नाही हे ध्यानात असू द्या. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर कन्व्हेक्शनवरच भाजा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचं भांडं चालत नाही.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं वाडग्यातच राहू द्या, मग कडेने सुरी फिरवून जाळीवर पालथा घाला. पूर्ण गार झाला की गुंडाळून ठेवा.

गनाश आणि घडवण

क्रीम मंद आचेवर कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवा. पाकिटातली फ्रेश क्रीम खळखळून उकळली तर फुटते. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ती ओता, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि मग मधून बाहेर ढवळत जा. आपल्या उन्हाळ्यात चॉकलेट क्रीमच्या दुप्पट असलेलंच बरं, म्हणजे पंख्याखालीही गनाश वितळत नाही. तीन-चार तासांत ते ब्रेडवर पसरण्याइतकं घट्ट होईल.

केक भाजताना जी बाजू वर होती ती फुगलेली असते. ती पाव कापायच्या दातेरी सुरीने सपाट करा. हा आता कासवाचा तळ. निघालेले तुकडे टाकू नका. आडवा काप देण्याआधी केकच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सुरीने एक उथळ खूण करून ठेवा. थर पुन्हा रचताना खुणेला खूण जुळवली की घुमट वाकडा बसत नाही. दोन थर पुरेत. दोन्हींवर थोडं साखरेचं पाणी शिंपडा, मधे गनाश पसरा आणि पुठ्ठ्याच्या बोर्डवर किंवा मोठ्या ताटावर ठेवा. मग बाहेरून गनाशचा एक पातळ थर द्या. हा थर फक्त भुगा धरून ठेवण्यासाठी आहे, दिसायला कसाही चालेल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग जाड थर लावा.

आता डोकं आणि पाय. वाटीतला केक आणि कापलेले तुकडे कुस्करा, त्यात तीन-चार चमचे गनाश घाला आणि लाडू वळा. मिश्रण मुठीत दाबल्यावर आकार धरला पाहिजे. ओलसर लागलं तर बिस्किटाचा चुरा घाला. एक मोठ्या लिंबाहून जरा मोठा, लांबट लाडू डोक्यासाठी, चार छोटे पायांसाठी, एक छोटा टोकदार गोळा शेपटीसाठी. फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या आणि वितळवलेल्या मिल्क कंपाउंडमध्ये बुडवून काढा. डोकं हवेत लटकतं ठेवायचा मोह टाळा. ते बोर्डवर टेकलेलं आणि पाठीला चिकटलेलं असावं. उंची हवी असेल तर खाली दोन बिस्किटं ठेवा. छोटी मुलं खाणार आहेत, तेव्हा आत टूथपिक किंवा काडी नको.

तेरा खवले

सगळा जीव ओतायचा तो इथे. कासवाच्या पाठीवर मोठे खवले साधारणपणे १३ असतात: मधोमध कण्यावरून एका ओळीत ५, आणि दोन्ही बाजूंना ४-४. कडेने छोट्या खवल्यांची झालर. सहा-सात वर्षांची प्राणीवेडी मुलं हे मोजतात. त्यांना आकडा बरोबर सापडला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गनाश मऊ असतानाच टूथपिकने आधी मधली ओळ आखा: पाच षटकोनी घरं, मानेकडून शेपटीपर्यंत. मग बाजूची घरं, मधल्या घरांच्या सांध्यांसमोर येतील अशी. प्रत्येक घराच्या मध्यावर चमच्याच्या टोकाने गनाशचा एक छोटा गोळा ठेवून कडेला पसरा, की टेंगूळ तयार. घरांच्या रेषा चमच्याच्या दांड्याने जरा खोल करा.

किरणांसाठी बटर पांढरं, हलकं होईपर्यंत फेटा, आयसिंग शुगर थोडी थोडी घाला, शेवटी रंग. घरचं लोणी इथे चालत नाही, त्यातल्या पाण्यामुळे रेघा पसरतात. जेल रंग फक्त बटर आयसिंगमध्ये घाला. वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये पाण्याचा अंश असलेला रंग पडला की चॉकलेट आकसून खरखरीत गोळा होतो. नोझल नसेल तर धुऊन कोरड्या केलेल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा सुईच्या टोकाइतका कापा. घरात कुणाचा मेंदीवर हात बसला असेल तर हे काम तिलाच द्या, तोच सराव इथे कामी येतो.

प्रत्येक टेंगळावर एक पिवळा ठिपका. त्यातून घराच्या कडेपर्यंत सहा ते आठ किरण, मध्याशी बारीक आणि कडेकडे जरा रुंद. सगळे सारखे नकोत, खऱ्या कासवाचेही नसतात. आधी ताटाच्या पाठीवर दोन चांदण्या काढून हात बसवून घ्या.

डोळे

डोळे जरा खाली आणि एकमेकांपासून लांब लावले की कासव लहान, निरागस दिसतं. कपाळाजवळ आणि जवळजवळ लावले तर रागीट. चॉकलेट चिप्स उलट्या दाबा, त्यांची सपाट बाजू बाहेर. मग टूथपिकच्या टोकाने प्रत्येक डोळ्यात वरच्या एकाच बाजूला बटर आयसिंगचा थेंब, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्या थेंबाआधी तो केक असतो, थेंब पडला की तो आपल्याकडे बघायला लागतो. चंदेरी गोळ्या, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या वापरू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात त्या अडकू शकतात. आणि आत काजू-बदाम घालणार असाल तर येणाऱ्या मुलांच्या आयांना आधी विचारून घ्या.

बोर्डवर बिस्किटांचा चुरा पसरला की माळरान झालं. मुलाने कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली असतील तर हाच चुरा वाळू होतो. तेव्हा पायांचे लाडू चपटे करून वल्ह्यांसारखे लांबवा आणि किरण गाळा. त्या कासवाच्या बाजूचे खवले जास्त असतात, सहा-सहा तरी काढा. आणि मूल खरं तारा कासव पाळायला मागेल, तर त्याला सरळ सांगा की ते बेकायदेशीर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तरीही त्याची चोरटी विक्री चालते.

टेबलावर आणताना

फ्रिजमधून तासभर आधी काढा. पावसाळ्यात वर दव जमेल, ते पुसू नका, पंख्याखाली आपोआप सुकतं. मेणबत्त्या पाठीवर न खोचता समोर बोर्डवर लावा, म्हणजे किरणांवर मेण सांडत नाही. औक्षणाचं तबक ठेवायलाही जागा मोकळी ठेवा.

सुरी कुठे लावायची ते आधी ठरवून मुलाला सांगा. डोक्यावर सुरी गेली की तीन-चार वर्षांचं मूल हमखास रडतं. शेपटीच्या बाजूने सुरुवात करा, घुमट आधी मधोमध, मग प्रत्येक अर्ध्याचे आडवे काप. १५ ते १८ मुलांना पुरतो. डोकं वाढदिवसाच्या मुलाचं, ते त्याच्या ताटलीत आधीच काढून ठेवा. पाय चारच असतात, ते कुणाला द्यायचे हे त्यालाच ठरवू द्या. उरलेला केक घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो.