सव्हाना मांजराचं पिल्लू आणलंय? आधी बाथरूम द्या

आमची ठकी बारा आठवड्यांची असताना आली. पाचव्या पिढीची सव्हाना, म्हणजे हिच्या खापरपणजीचा बाप आफ्रिकेतला सर्व्हल, हा रानबोकाच. पहिली सव्हाना 1986 साली इथेच, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मली. पण राज्याराज्याचे नियम वेगळे, जॉर्जियात तर पाळायलाच बंदी. तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या गावचा कायदा बघा.

घरी आल्या आल्या तिला अख्खं घर दाखवायचा मोह आवरा. आम्ही बाथरूम दिली. एका कोपऱ्यात लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा ट्रे, दुसऱ्या टोकाला वाट्या, मध्ये माझी जुनी शाल. पहिले सहा तास बाई कमोडमागे. ओढून काढू नका. मी फरशीवर बसून मटार सोलले. तासाभराने एक दाणा घरंगळला आणि मागून ठिपक्यांचा पंजा बाहेर आला.

कमोडचं झाकण मात्र कायम बंद. यांना पाण्याचं भारी वेड. ठकी आधी पंजा बुडवते, झटकते, मग पिते. उथळ वाटी रोज उलटी होते, जड कुंडा ठेवा.

खाण्यात माझी चूक झाली. ब्रीडरने दिलेली पिशवी बाजूला ठेवून मी पहिल्याच दिवशी भारीतला नवा डबा उघडला. दोन दिवस जुलाब, आणि गालिचा गेला तो गेलाच. पहिले आठ-दहा दिवस जुनंच खाणं द्या. मग नवं पाव हिस्सा, दोन-तीन दिवसांनी अर्धं, असं वाढवत न्या. सव्हानासाठी म्हणून वेगळं महागडं काही लागत नाही. पिल्लांसाठीचा, मांसाचा पूर्ण आहार हवा, दिवसातून चार वेळा थोडा थोडा.

कराडहून सासूबाई फोनवर, "अगं, वाटीभर दूधभात ठेव की तिच्यापुढं!" आई, दुधानं पोट बिघडतं हिचं. उकडलेली कोंबडी चालते, तीही बिनमिठाची आणि चिमूटभरच. नुसत्या कोंबडीत टॉरिन हे मांजरांना लागणारं पोषकद्रव्य पुरेसं मिळत नाही, आणि ते कमी पडलं की मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. कांदा-लसूण लागलेला रस्सा तर विषच. कच्चं मांस आम्ही देत नाही; 2024 च्या शेवटी इथे अमेरिकेत कच्च्या खाद्यातून मांजरांना बर्ड फ्लू झाला होता.

पिल्लाने दिवसभर तोंडच लावलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला फोन करा.

दहाव्या दिवशी दार उघडलं, रोज एकच खोली. त्याआधी रबरबँड, लोकर, राखीचे दोरे उचलले. गिळले तर आतडं कापायची वेळ येते. लिलीची फुलं घरातून कायमची गेली, परागसुद्धा किडनी घालवतात. समई आता काचेच्या दाराआड असते, कारण देव्हाऱ्याचा कळस ही ठकीची बसायची जागा झाली आहे.